पंचवीस किलोमीटरवरचा ई-मेल, व्हाया मुंबई!

समजा, तुमची ताई पुढील शिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे. डार्मस्टाटच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला आहे. मुंबईचे विमान फ्रँकफर्टला उतरते आणि ताई आपला मोबाइल सुरू करते. खोली कोणत्या रस्त्यावर आहे, किल्ली कोणाकडून आणि किती वाजेपर्यंत घ्यायची, हे विद्यापीठाने ई-मेलने कळवले आहे. पण तो ई-मेल आला ती विमानात असताना. फोनवर एका जर्मन कंपनीचे नाव झळकते. स्वागताचा लघुसंदेश येतो. आईलाही फोन लागतो, ‘‘पोचले गं सुखरूप!’’ ई-मेलचे पान मात्र कोरेच्या कोरे. आणि किल्ली देणारी कचेरी चार वाजता बंद होणार!

तुम्ही म्हणाल, फोन बिघडला असेल. पण बिघडलेल्या फोनवरून आईशी बोलता आले असते का? नाही ना? मग पडद्याआड काय घडते ते क्रमाने पाहू या.

फोनमधील सिमकार्डावर एक १५ अंकी क्रमांक असतो. तुमच्या नेहमीच्या फोन क्रमांकाहून हा वेगळा. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४०४ किंवा ४०५, जर्मनीसाठी २६२. पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनी सांगतात. फ्रँकफर्टच्या मनोऱ्याला ताईच्या फोनने हा क्रमांक कळवला, की तिथली यंत्रणा ओळखते : पाहुणी भारतातली, अमुक कंपनीची. पण हा क्रमांक खरा कशावरून? एखाद्या लबाडाने दुसऱ्याचा क्रमांक सांगितला तर?

इथे एक सुरेख युक्ती आहे. सिमकार्डात एक गुप्त संख्या साठवलेली असते. तीच संख्या भारतातील कंपनीकडे असते, आणखी कुणाकडेही नाही. समजा, ती संख्या ३७ आहे. जर्मन यंत्रणा मुंबईला विचारते, ‘‘या पाहुणीची परीक्षा कशी घेऊ?’’ मुंबई मनाला येईल ती एक संख्या निवडते, समजा २४. ३७ आणि २४ यांचा गुणाकार ८८८. त्याचे शेवटचे दोन अंक ८८. मुंबई जर्मनीला एवढेच कळवते, ‘‘प्रश्न २४ विचारा, उत्तर ८८ आले पाहिजे.’’ ताईचे सिमकार्ड तेच गणित करून ८८ हे उत्तर देते आणि दार उघडते. गंमत अशी, की गुप्त संख्या सिमकार्डाबाहेर पडलीच नाही. परीक्षा घेणाऱ्या जर्मन यंत्रणेलाही ती कळली नाही! प्रत्यक्षातील गुप्त संख्या १२८ द्विमान अंकांची असते आणि गणितही असे, की उत्तरावरून उलट मागे जाता येऊ नये.

अर्थात दोन्ही कंपन्यांमध्ये तसा करार असला पाहिजे. असा पहिला करार १९९२ साली फिनलंड आणि ब्रिटन येथील दोन कंपन्यांमध्ये झाला. आता असे करार जगभर पसरले आहेत.

एवढी ओळख पटली, की बोलणे आणि लघुसंदेश सुरू होतात. ई-मेलला मात्र आणखी एक दार ओलांडावे लागते. परदेशातील माहितीचे दर चढे असतात. म्हणून पुष्कळ फोनांत परदेशी माहितीसेवेची कळ मुळात बंदच ठेवलेली असते. ताईने ती सुरू केली. तरीही पान कोरेच!

आता ऐका. ताईच्या फोनमधील माहिती जर्मनीत थेट इंटरनेटवर जात नाही. ती आधी भारतातील तिच्या कंपनीच्या प्रवेशद्वारापाशी न्यावी लागते. त्या प्रवेशद्वाराचे नाव फोनमध्ये लिहिलेले असते, त्याला ए.पी.एन. म्हणतात. ताईने गेल्या वर्षी कंपनी बदलली होती आणि फोनमध्ये जुन्याच कंपनीचे नाव राहिले होते. भारतात नव्या कंपनीने ही चूक चालवून घेतली असेल. परदेशी यंत्रणा कशी चालवून घेईल? पत्त्याशिवाय पाकीट धाडायचे कुठे? ताईने नाव दुरुस्त केले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, आणि ई-मेल टपाटप येऊ लागले.

त्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. विद्यापीठाचा संगणक विमानतळापासून सुमारे २५ किलोमीटरवर, डार्मस्टाटला. पण ताईची मागणी जर्मन कंपनीने दुसऱ्या पाकिटात घालून पाठवली मुंबईच्या प्रवेशद्वाराकडे. तिथे वरचे पाकीट फोडले, आतले इंटरनेटवर सोडले, ते पुन्हा जर्मनीला आले. उत्तरही तसेच, आधी मुंबईला, मग फ्रँकफर्टला! मुंबई-फ्रँकफर्ट अंतर सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर. मागणी आणि उत्तर मिळून अशा चार फेऱ्या, म्हणजे २६,००० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका प्रश्नोत्तराला निदान ०.१३ सेकंद लागणार. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्तच. आणि एक ई-मेल उघडण्यापूर्वी अशी अनेक प्रश्नोत्तरे होतात. परदेशात फोन थोडा रेंगाळतो, त्याचे हेही एक कारण.

काही कंपन्या आता जवळच्या प्रवेशद्वारातूनही वाट देतात, पण मुंबईमार्गे जाणारी रीत अजून सर्रास आहे. हिशेब घरच्या कंपनीच्या हाती राहतो ना!

या द्राविडी प्राणायामाचा एक मजेदार परिणाम होतो. ई-मेल सांभाळणाऱ्या संगणकाला ताई जर्मनीत आहे हे कळतच नाही. मागणी मुंबईच्या दारातून आलेली दिसते. उलट, ताईने वसतिगृहाच्या वायफायवरून ई-मेल उघडला, तर त्याला एकाएकी जर्मन पत्ता दिसतो. ‘काल मुंबईत, आज जर्मनीत?’ अशी शंका घेऊन तो कधी कधी दार लावून घेतो आणि ताईच्या भारतीय क्रमांकावर एक संकेतांक पाठवतो. म्हणून वायफाय मिळाले तरी भारतीय सिमकार्ड लगेच काढून ठेवू नये. माहितीसेवा बंद ठेवली, तरी लघुसंदेश ओळखीच्या पहिल्या दारातूनच येतात.

पहिले दार तुम्हाला घरबसल्याही पाहता येईल. वडीलधाऱ्यांना विचारून फोनच्या मांडणीत जा आणि ‘नेटवर्क आपोआप निवडा’ ही कळ बंद करा. थोड्या वेळाने आसपासच्या सर्व कंपन्यांची नावे दिसतील. त्यांतील परक्या कंपनीचे नाव निवडून पाहा. तिचा मनोरा समोरच्या गच्चीवर का असेना, करार नसेल तर नकार येईल. मग कळ पुन्हा सुरू करा बरे, नाहीतर आजोबांचा फोन यायचा नाही!