पेंढ्यातील साखर, इंधनाची वाट
- प्रतिनिधी

पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल आपल्याकडे प्रामुख्याने उसाची मळी व रस, तसेच मका आणि तांदूळ यांपासून तयार होते. मात्र, साखरेच्या उत्पादनात घट होण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले आणि 'अन्न की इंधन' हा प्रश्न ऐरणीवर आला. पिकाचा जो भाग आपण खात नाही, त्यापासून इंधन मिळवणे, हे त्याचे एक उत्तर होय.

भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या यांतही साखर असते. परंतु ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांत जखडलेली असते आणि त्यांच्याभोवती लिग्निनचे चिवट आवरण असते. त्यामुळे प्रथम उष्णता, वाफ वा सौम्य आम्लाच्या साह्याने हे आवरण सैल करावे लागते. त्यानंतर सेल्युलेज नावाची विकरे, म्हणजेच एन्झाइम, या साखळ्या तोडून साखर मोकळी करतात. पुढे यीस्टच्या साह्याने ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून इथेनॉल मिळते.

ही विकरे देणाऱ्या बुरशीचा शोध मोठा रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या कापडावर सापडलेली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी आज सेल्युलेजचा प्रमुख स्रोत आहे.

दुसरी अडचण हेमिसेल्युलोजमधील झायलोज या साखरेची. नेहमीचे यीस्ट ती आंबवू शकत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातील लॉनी इनग्रॅम यांनी ई. कोलाय जीवाणूत दुसऱ्या जीवाणूची जनुके घालून ही अडचण दूर केली. या संशोधनाला १९९१ मध्ये अमेरिकेचे पन्नास लाखावे पेटंट मिळाले.

हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. एरवी हा पेंढा शेतातच जाळला जातो.

तथापि, विकरे महाग आहेत. पेंढा वजनाला हलका, जागा मात्र फार व्यापणारा आणि कापणीनंतरच्या मोजक्या आठवड्यांतच गोळा करावा लागणारा. त्यामुळे या इंधनाचे भवितव्य प्रयोगशाळेइतकेच शेताच्या बांधावरही ठरणार आहे. पेंढ्याला रास्त भाव मिळाला, तरच शेतकरी काडी ओढण्यापूर्वी दोनदा विचार करील.