बीव्हर वाचले, त्यात मुलांच्या रंगांचाही वाटा!

आज जाऊया कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ गावात. तिथे ओढ्यावर बीव्हरच्या जोडीनं धरण बांधलं. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून पाणी अडवणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. २००७ मध्ये पालिकेला भीती वाटली, पूर आला तर बाजारपेठ बुडेल. म्हणून बीव्हर मारायचं ठरलं. गावकरी भडकले! मग धरणातून पाइप टाकला. त्याचं तोंड धरणापासून लांब, जाळीच्या आत. पाणी कुठून निसटतंय हे बीव्हरना कळतच नाही, त्यामुळे ते बुजवत नाहीत. पातळी आटोक्यात, बीव्हरही सुखात.

पण मला भावली ती पुढची गोष्ट. २००८ पासून तिथे बीव्हर महोत्सव सुरू झाला. कलाकारांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, पैसा ‘वर्थ अ डॅम’ या संस्थेच्या कामाला जातो. मुलांनी रंगवलेल्या टाइल्स तर थेट ओढ्यावरच्या पुलाला लावल्यात.

यानं काय होतं? पाइपमुळे पूर टळतो, पण माणसांचं मन नाही बदलत. ज्या पोरानं बीव्हर रंगवला, त्याच्यासाठी तो ‘उपद्रवी’ राहत नाही, ‘आपला’ होतो.

मी शाळेत फक्त वाघ काढले. तुमच्या ओढ्यात कोण राहतं, बघितलंय कधी?