सशाचं पिल्लू: आधी ओळख, मग उचल

गुलमंडीला खरेदीला आलं की सोबतच्या मुलांचे हट्ट आलेच. फुगा, खेळणं आणि कधीकधी सशाचं पिल्लूही. मग गटाच्या बैठकीत आम्हाला प्रश्न येतो, ‘पिल्लू आणलं खरं, पण ते कोपऱ्यातून हलत नाही. उचललं की नखं मारतं. काय करावं?’

आधी त्याची भीती समजून घेऊ. ससा हा शिकार होणारा प्राणी. आपल्या भाषेत ‘ससेहोलपट’ हा शब्द उगाच नाही आला. वरून काही झडप घालून उचलतं म्हणजे घार, एवढंच त्याला कळतं. आपण मायेनं उचलतो, पण त्याला वाटतं आता जीव गेला.

पिल्लू घेताना ते निदान 8 आठवड्यांचं असावं. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू पटकन दगावतं. बाजाराच्या गोंगाटातून पिशवीत कोंबून आणू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली गवत घालून आणा. आणि शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे. त्याची आई दिवसभर लांब असते आणि अंधारात येऊन पाजते, म्हणून ते अनाथ वाटतं, इतकंच.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लाला हात लावू नका. कुत्रं-मांजर पोचणार नाही अशा शांत जागी ठेवा आणि लपायला एक खोकं द्या. मग रोज थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर नुसतं बसा, हळू आवाजात बोला. हातावर कोथिंबिरीची काडी धरा. त्याला स्वतःहून येऊ द्या. सशाला आजूबाजूचं जवळपास सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून हात बाजूनं न्या आणि कपाळावरून हलकेच फिरवा.

आता उचलण्याचं. कान धरून कधीच उचलू नका. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय फार ताकदीचे असतात. लोंबकळत ठेवून त्यानं जोरात लाथ झाडली, तर त्याचा स्वतःचाच मणका मोडतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडतात. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली ठेवा आणि पिल्लू आपल्या अंगाशी घट्ट धरा. खाली ठेवताना आधी मागचे पाय टेकवा. मुलांनी मांडी घालून, जमिनीवर बसूनच घ्यावं. उताणं केल्यावर ससा गप्प पडला, तर तो खूश नसतो, भीतीनं थिजलेला असतो. मागचा पाय आपटला तर त्याला धोका वाटतोय. अंग टाकून आडवा झाला, तर तुमच्यावर विश्वास बसला.

खाण्यात मुख्य वाळलेलं गवत. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. आणलं तेव्हा जे खात होतं तेच आठवडाभर द्या, बदल हळूहळू करा. कपाशीच्या बांधावरचं, फवारणी झालेलं गवत चुकूनही नको. भाकरी, बिस्किट, बटाटा, कांदा-लसूण नको. गाजर थोडंच. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलं की बाहेर पडत नाही. 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आपल्याकडचा एप्रिल-मे सशाला सोसत नाही. पत्र्याखाली ठेवू नका. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाका, ओल्या फडक्यानं कान पुसा. अंगावर पाणी ओतू नका. दिवाळीत फटाक्यांपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा.

हात लावल्यावर साबणानं धुवायची सवय मुलांना लावा. सशाच्या अंगावर खपल्या दिसल्या, केस गेले, तर खरूज किंवा गजकर्ण असू शकतं. गजकर्ण माणसालाही होतं.

नीट सांभाळला तर ससा 8 ते 10 वर्षं जगतो. मैत्रिणींनो, मुलांचा हट्ट एका दिवसाचा असतो, जनावराची जबाबदारी तेवढ्या वर्षांची. ती पेलणार असाल तरच पिल्लू आणा, आणि आणलंत तर पहिला आठवडा त्याच्या कलानं घ्या.