असुरांचा जिल्हा : अद्भुतकथांबद्दलचे काही गैरसमज

जुन्या अद्भुतकथा म्हणजे सगळं काळं नाहीतर पांढरं, असं चांगली वाचणारी माणसंसुद्धा बिनदिक्कत सांगतात. एक सद्गुणी राजपुत्र, एक विक्राळ राक्षस, राक्षस मेला की गोष्ट संपली. धाराशिव जिल्ह्यातल्या चार कथा नीट ऐकल्या तरी हा समज टिकत नाही. धाराशिव शहराचीच कथा घ्या. धारासुराने शंकराची आराधना करून बळ मिळवलं, ते लोकांना छळण्यात खर्च केलं आणि देवीने त्याला मारलं, अशी ती सांगितली जाते. देवी धारासुरमर्दिनी झाली. या कथेत असुराचं बळ चोरीचं नाही, तपाने कमावलेलं आहे. कष्टाने मिळालेलं सामर्थ्य माणसाला आपोआप चांगलं करत नाही, हे ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते.

गैरसमज : अद्भुतकथा हा प्रकार आपल्याकडे परदेशातून आला.

याला फार वेळ द्यायची गरज नाही. गुणाढ्याच्या बृहत्कथेची परंपरा सातवाहनांच्या दरबाराशी जोडलेली आहे आणि त्यांची राजधानी पैठण. आपल्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, त्याच काळातली नावाजलेली बाजारपेठ. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. माल जिथून येतो-जातो तिथून गोष्टीही येतात-जातात. मूळ बृहत्कथा आज हाती नाही. तिच्यावरून सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला. त्यात विद्याधर आहेत, वेताळ आहेत, शापाने जनावर झालेली माणसं आहेत. टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली आलं, म्हणजे जवळपास नऊशे वर्षांनी.

गैरसमज : देव ज्याला हरवतो तो खलनायक.

तेरमध्येच त्रिविक्रमाचं मंदिर आहे. जुन्या विटांचं, मागची बाजू अर्धगोल असलेलं. हा आकार बौद्ध चैत्यगृहाचा असल्यामुळे ही वास्तू मुळात चैत्यच होती, असं अनेक अभ्यासकांनी मानलं आहे. आत आता पाऊल उचललेला विष्णू आहे. वामनाने तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत विश्व व्यापलं आणि तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवलं, ती ही कथा.

आता या कथेत वाईट कोण, ते सांगा. भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीला स्पष्ट बजावतात, की हा बटू म्हणजे विष्णू आहे, दान देऊ नकोस, सर्वस्व जाईल. बळीला ते पटतं, तरी तो म्हणतो, शब्द दिला तो दिला. गुरूचा शाप पत्करतो, राज्य घालवतो आणि तिसऱ्या पावलासाठी डोकं पुढे करतो. त्याने इंद्राचं स्वर्गाचं राज्य जिंकून घेतलं होतं, तेवढा त्याचा गुन्हा. पुराण ते लपवत नाही. पण त्याच पुराणात विष्णू बळीला सुतल लोकाचं राज्य देतो, पुढच्या एका मन्वंतराचं इंद्रपद देतो आणि स्वतः त्याच्या दाराशी राखण करायला उभा राहतो. जिंकणारा हरलेल्याचा द्वारपाल होतो, अशी दुसरी गोष्ट मला जगाच्या वाङ्मयात ठाऊक नाही.

लोकांनी तर या कथेचा निकाल केव्हाच लावला. दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीची पूजा करतो आणि बळीचं राज्य येवो असं म्हणतो. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला न्यायी राजा म्हणून उभा केला आणि वामनाच्या कृत्याचा सरळ जाब विचारला. पाऊस हुलकावणी देतो आणि सोयाबीनचा भाव पडतो अशा जिल्ह्यात शेतकरी कुणाचं राज्य मागतो, तर पाताळात घातलेल्या राजाचं. त्रिविक्रमासमोर हात जोडणारा आणि बळीचं राज्य मागणारा माणूस एकच असतो, आणि त्याला यात विसंगती वाटत नाही. ती नाहीच.

गैरसमज : या कथा राजांच्या आणि राज्यांच्या, साध्या माणसाला त्यांत जागा नाही.

तुळजापूरची कथा एका विधवेपासून सुरू होते. कर्दम ऋषी वारले. पत्नी अनुभूती सती जायला निघाली, पण पदरात तान्हं मूल होतं, म्हणून ती मागे राहिली आणि पुढे मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. कुकुर नावाच्या असुराची तिच्यावर वाईट नजर गेली. तिने हाक मारली आणि देवी त्वरेने धावून आली. कुकुराने रेड्याचं रूप घेतलं, तरी देवीने त्याला मारलं. इथे ना सिंहासन धोक्यात होतं, ना स्वर्ग. एकट्या बाईवर हात टाकला एवढं कारण देवीला पुरलं. खलनायक कशाने ठरतो, याचं इतकं स्वच्छ उत्तर मोठमोठ्या महाकाव्यांतही सहज मिळत नाही.

मूर्ती नीट पाहिली तर हे सगळं तिथेच आहे. आठ हातांपैकी एका हातात असुराची शेंडी, पायाखाली महिषासुर, आणि बाजूला खाली डोकं वर पाय करून तप करणारी अनुभूती. देवीने तिला आपल्या चौकटीत जागा दिली आहे. अलंकार आणि महावस्त्रांमुळे ती सहसा दिसत नाही, म्हणून पुष्कळ भक्तांना ती ठाऊकच नसते.

आणि महिषासुर? कालिकापुराणात तो मरणाआधी देवीकडे यज्ञात वाटा मागतो आणि तुझ्या पायांची सेवा सुटू नये असं मागणं घालतो. देवी म्हणते, वाटे तर सगळे वाटून झाले, पण माझे पाय तुला सुटणार नाहीत. जिथे माझी पूजा होईल तिथे तुझीही होईल. शिक्षा तर झालीच, पण त्याला हाकलून दिलं नाही.

गैरसमज : नायक चुकत नाही.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात लेणी आहेत. जेम्स बर्जेस यांच्या १८७८ च्या अहवालात त्यांचं वर्णन आलं. त्यांच्याशी जोडलेली कथा मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात आहे. करकंड हा चंपेच्या राजाचा मुलगा, पण जन्मला स्मशानात आणि वाढला एका मातंगाच्या घरी. पुढे राजा झाल्यावर तो ज्याच्यावर चाल करून जातो तो त्याचा बापच निघतो. दोघांनाही हे माहीत नसतं. साध्वी झालेली आई पद्मावती रणांगणात येऊन ओळख पटवते आणि लढाई थांबते. कुणी हरत नाही, कारण शत्रू असा कुणी नव्हताच.

मग तो दक्षिणेला निघतो आणि तेरापुराला, म्हणजे आपल्या तेरला, येतो. डोंगरावर एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून एका वारुळाची पूजा करताना दिसतो. वारूळ खणलं तर आत पार्श्वनाथाची मूर्ती. त्याच डोंगरातल्या लेण्यातल्या मूर्तीच्या आसनावर करकंडाला एक गाठ दिसते आणि ती खटकते. ती फोडली तर पाणी उसळेल असं कारागीर सांगतो. राजा तरी फोडायला लावतो. पाणी उसळतं, लेणं भरून जातं. करकंडाला मनस्वी पश्चात्ताप होतो आणि तो नवं लेणं खोदवतो.

टोल्किनचा नायक फ्रोडोही शेवटच्या क्षणी, जी नष्ट करायला निघाला ती अंगठी आगीत टाकायला नकार देतो, आणि पूर्वी दया दाखवून जिवंत सोडलेल्या गॉलममुळेच ती नष्ट होते. त्या प्रसंगाचं जगभर कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण आपल्या तेरापुराच्या कथेत नायकाची चूक आणि तिची भरपाई सुमारे अकराव्या शतकातच लिहिली गेली होती, आणि ती जिल्ह्यातल्या किती शाळांमध्ये सांगितली जाते?

वाचकांना एवढंच सांगणं आहे. नवरात्रात तुळजापूरला जाल तेव्हा मुलांना अनुभूतीची गोष्ट सांगा. परतताना तेरला थांबा, लेण्यांवर जा, आणि बळीची व करकंडाची कथा शुक्राचार्यांच्या इशाऱ्यासकट, फोडलेल्या गाठीसकट पूर्ण सांगा. चांगलं कोण, वाईट कोण, ते मुलांना विचारा आणि त्यांचं उत्तर मधे न तोडता ऐकून घ्या.