जार आहे, क्लास आहे, तरी ड्रायव्हर सापडत नाही

समजा, अचलपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आसपासच्या संत्रा बागायतदारांसाठी एक छोटं संकेतस्थळ केलं. कोणत्या बागेतून किती माल निघाला, व्यापाऱ्याने काय भाव दिला, एवढीच नोंद. भाषा जावा, सर्व्हर टॉमकॅट, माहिती मायएसक्यूएलमध्ये. डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर एका जार फाइलमध्ये असतो. ती फाइल त्याने वेब-इन्फमधल्या लिब फोल्डरमध्ये नीट ठेवली. सर्व्हर सुरू झाला, पान उघडलं, आणि पहिली नोंद जतन करताना उत्तर आलं: 'नो सूटेबल ड्रायव्हर'.

फाइल जागेवर आहे. उघडून पाहिलं तर क्लासही आत आहे. तोच कोड सर्व्हरशिवाय, साध्या जावा प्रोग्रॅमसारखा चालवला तर बिनतक्रार चालतो. मला हा जावाच्या जगातला सर्वांत देखणा बिघाड वाटतो. त्याच्या मुळाशी जाताना सगळं यंत्र आतून दिसतं.

आधी एक विचार करा. टॉमकॅट 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडून अपाचीकडे आला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेले ड्रायव्हर आणि प्लगइन त्याच्यात चालतात. ज्याचं नावही माहीत नाही, असा कोड सर्व्हर शोधतो तरी कसा?

उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं: एका साध्या मजकुराच्या फाइलवरून. जारच्या आत 'मेटा-इन्फ' नावाचं फोल्डर, त्यात 'सर्व्हिसेस', आणि त्यात एक फाइल. फाइलचं नाव म्हणजे कोणत्या प्रकारची सेवा आणि आतली ओळ म्हणजे ती सेवा देणाऱ्या क्लासचं पूर्ण नाव. 2006 मध्ये जावा 6 आलं, तेव्हापासून 'सर्व्हिसलोडर' हे काम अधिकृतपणे करतो. तो जारमागून जार त्या फाइली शोधतो, ओळ वाचतो आणि त्या नावाचा क्लास जागा करतो.

ही फाइल यूटीएफ-8 मध्ये असावी असा नियम आहे आणि जावामध्ये क्लासचं नाव देवनागरीतही चालतं. म्हणजे 'अचलपूर' नावाचा क्लास लिहून, 'बाजारभाव.अचलपूर' अशी एक ओळ त्या फाइलीत टाकली, तर जगातला कुठलाही जावा सर्व्हर ती वाचू शकतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते प्रत्येक भेटणाऱ्याला सांगत सुटलो होतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. काही संपादक यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह घालतात. डोळ्यांना ओळ बरोबर दिसते, पण सर्व्हिसलोडर ते नाव नाकारतो.

ही चूक निदान स्वतःहून बोलते. बाकीच्या बहुतेक चुका गप्प असतात. फाइलच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर सर्व्हिसलोडरच्या दृष्टीने ती फाइल नाहीच. नसलेल्या फाइलबद्दल तो तक्रार कशाला करेल? सगळ्या जार एकत्र करून एकच मोठी जार बांधताना तर आणखी गंमत होते. दोन लायब्ररींत त्याच नावाची सर्व्हिस फाइल असेल आणि बांधणीच्या साधनाला त्या जोडायला सांगितलं नसेल, तर एकच उरते. दुसरीतली नावं पुसली जातात. क्लास जारमध्ये सुखरूप असतात, पण त्यांना हाक मारणारं कुणी उरत नाही.

आता आपल्या ड्रायव्हरकडे येऊ. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'क्लास.फॉरनेम' अशी एक ओळ हमखास असते. दिसायला ती काहीच करत नाही. मिळालेला क्लास कशात साठवतही नाही. पण त्या ओळीने ड्रायव्हरचा क्लास मेमरीत येतो, येताक्षणी त्याच्यातला 'स्टॅटिक' भाग चालतो, आणि त्या भागात ड्रायव्हर स्वतःच 'ड्रायव्हरमॅनेजर'कडे आपलं नाव नोंदवतो. जावा 6 बरोबर डेटाबेसशी बोलण्याचं मानक, जेडीबीसी 4.0, आलं आणि ही ओळ लिहिण्याची गरज संपली, कारण ड्रायव्हरमॅनेजर सर्व्हिस फाइली स्वतः वाचू लागला.

फक्त तो त्या वाचतो एकदाच. जावाची एक प्रक्रिया सुरू असेपर्यंत एकदाच. टॉमकॅटमध्ये तो क्षण मुद्दाम सुरुवातीलाच आणला जातो. तसं केलं नाही तर पहिल्या ॲप्लिकेशनचे ड्रायव्हर मेमरीत अडकून राहण्याचा धोका असतो. त्या क्षणी फक्त टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमधल्या जार दिसतात. तुमचं ॲप्लिकेशन नंतर चढतं. त्याच्या वेब-इन्फमधला ड्रायव्हर हजेरी होऊन गेल्यावर पोचतो आणि हजेरी पुन्हा होत नाही. म्हणून टॉमकॅटची अधिकृत कागदपत्रं सांगतात, की वेब-इन्फमध्ये ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी तो स्वतः नोंदवावा. जुन्या पुस्तकातली ती ओळ इथे अजूनही उपयोगी पडते. नाहीतर जार टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवा.

याहून खोल एक गोष्ट आहे, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ रमतो. जावामध्ये क्लासची ओळख नुसत्या नावाने होत नाही. नाव आणि तो क्लास ज्याने चढवला तो क्लासलोडर, दोन्ही मिळून ओळख ठरते. अचलपूरच्याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे, नुसतं 'चांदूर' म्हणून तिकीट मागितलं तर वाहक पुढचा शब्द विचारणारच. टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला वेगळा क्लासलोडर देतो. प्लगइनचा करार सांगणारी जार एकदा टॉमकॅटच्या लिबमध्ये आणि एकदा वेब-इन्फमध्ये पडली, की एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात. मग सर्व्हर सांगतो, हा क्लास या प्रकारात बदलता येत नाही, आणि दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं नाव छापतो. वाचणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं, पण यंत्र अगदी खरं बोलत असतं.

क्लास असूनही न सापडण्याचं 2020 नंतर एक नवं कारण आलं. जावाची एंटरप्राइझ आवृत्ती ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, पण 'जावाएक्स' हे जुनं नाव पुढच्या बदलांसाठी वापरण्याची परवानगी मिळाली नाही. म्हणून जकार्ता ईई 9 मध्ये पॅकेजांची नावं 'जकार्ता'ने सुरू झाली. टॉमकॅट 9 जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट 10 नवं. जुना सर्व्हलेट तसाच 10 मध्ये टाकला तर अनेकदा त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं आणि पान 404 देतं. जावाच्याच आवृत्तीचा घोटाळा त्या मानाने सोपा. प्रत्येक क्लास फाइलच्या सुरुवातीच्या बाइटांत तिचा क्रमांक असतो: जावा 8 साठी 52, जावा 17 साठी 61, जावा 21 साठी 65. जुन्या जावाला मोठा क्रमांक दिसला की तो स्पष्ट नकार देतो.

शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की अशा वेळी जार पुन्हा डाउनलोड करण्यात संध्याकाळ घालवू नका. आधी विचारा: माझ्या क्लासचं नाव कुठे लिहिलं आहे, ते कोण वाचतं, केव्हा वाचतं आणि कोणत्या क्लासलोडरमधून. जावा सुरू करताना 'व्हर्बोज क्लास' हा पर्याय द्या, म्हणजे कोणता क्लास कोणत्या जारमधून आला ते ओळीओळीने दिसेल. आणि टॉमकॅटच्या कॅटलिना लॉगमध्ये 'लिसनर सुरू झाला नाही' एवढंच लिहिलेलं दिसलं तर तिथे थांबू नका. लॉग फोल्डरमध्ये लोकलहोस्ट नावाची वेगळी फाइल असते. ती उघडा, शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत खाली जा. खरं कारण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.