ब्रेक नरम का होतो?

मुलांनो, तुमच्या अब्बांची किंवा मोठ्या भावाची मोटारसायकल दारात उभी असेल, तर तिचे पुढचे चाक नीट पाहा. पुष्कळ गाड्यांत चाकाबरोबर फिरणारी, भोके पाडलेली एक चकचकीत पोलादी तबकडी दिसेल. हीच डिस्क. तिला चिमट्यासारखे धरून बसलेला भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात. लिव्हर दाबला की पॅड डिस्कला आवळतात आणि चाक थांबते. १९०२ साली इंग्लंडमधील लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, ते मात्र मोटारीसाठी.

आता प्रश्न असा, की बोटांचा जोर चाकापर्यंत जातो कसा? विज्ञानात तुम्ही पास्कलचा नियम शिकला असाल. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. लिव्हरजवळच्या छोट्या डबीपासून कॅलिपरपर्यंत नळीत असाच एक द्रव भरलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात. खरे तर ते तेल नव्हे. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून दाबलेला लिव्हर हाताला घट्ट लागतो.

हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की आपला जोर बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. लिव्हर स्पंजासारखा नरम लागतो. मिस्त्री म्हणतात, "ब्रेकने एअर धरली." मग कॅलिपरवरच्या छोट्या निपलमधून ती हवा काढावी लागते.

पण एक दोष याहून फसवा आहे. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ जातीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हा आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. समजा, तुमचे भाईजान नाशिकहून मुंबईकडे निघाले आहेत. कसारा घाट उतरताना ते ब्रेक दाबूनच ठेवतात. डिस्क तापते, द्रव उकळतो, त्याची वाफ होते. वाफही हवेसारखी दाबली जाते, आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो! गाडी थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा चांगला लागतो, म्हणून घरी कोणाला खरे वाटत नाही. अशा वेळी लिव्हर भराभर दाबावा-सोडावा, खालचा गिअर टाकावा, मागचा ब्रेक वापरावा आणि गाडी कडेला घ्यावी. घाट उतरताना पहिल्यापासूनच खालच्या गिअरमध्ये राहिले, तर ब्रेक इतका तापत नाही. साधारण दोन वर्षांनी द्रव बदलावा. तो रंगावर सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग निघतो.

डबीतील पातळी खालच्या रेषेजवळ आली, तर नुसता द्रव ओतू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड पाहा. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली असेल तर ते बदलायलाच हवेत. लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज आला, तर समजा की आधीच उशीर झाला आहे.

आवाजावरून आठवले. आमच्या गल्लीतील एका मुलाने हा आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर तेल सोडले. आवाज खरोखरच बंद झाला. ब्रेकही बंद झाला! सुदैवाने समोर वाळूचा ढीग होता. डिस्कला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. लागलाच तर डिस्क स्वच्छ करून पॅड बदलावेत.

शेवटी, पॅड बदलताना काय करायचे तेही पाहू. पॅड काढलेले असताना लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येईल. नवे पॅड बसवल्यावर मात्र गाडी जागेवरच उभी ठेवून लिव्हर अनेक वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही. लिव्हर हाताला घट्ट लागला, की मगच किक मारा.