रोगाच्या आधीचे काम

नाशिकच्या गंगापूर रोडवर रुग्णालयांच्या पाट्या ठळकपणे दिसतात. हाच रस्ता पुढे गंगापूर धरणाकडे जातो. त्या धरणाचे पाणी शुद्ध होऊन शहरातील घरोघरी पोहोचते आणि पटकी-काविळीला आळा बसतो. त्याची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर होत नाही. बरा झालेला रुग्ण दिसतो, आजारी न पडलेला दिसत नाही. प्रतिबंधक आरोग्यसेवेची खरी अडचण हीच आहे.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कार्य आरंभिले, तेव्हा प्रथम प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविण्यात आल्या. तो प्रयोग फारसा रुजला नाही. मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. यांतील अनेकजणी निरक्षर, काही दलित वस्तीतील. स्वच्छ हातांनी बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, बालकांचे वजन, लसीकरण हे त्या शिकल्या व शेजारणींना शिकवू लागल्या. हातपंपही आले. १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण पाच वर्षांत निम्म्याहून खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही याच वाटेवरची. परंतु एकट्या आशाताईने गाव निरोगी कसे राहावे? विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही, हे पाहणे ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि ते साथ येण्यापूर्वीचे आहे.